टिलीच्या गुडघ्यांवरची ठिगळं

न्यूझीलंडमधल्या मटाई फ्लॅट या गावात अर्नी मॅक्लीशला एकच माणूस पसंत होता, आणि तो त्याला रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटायचा. बाकी सगळ्यांना तो नावं ठेवायचा. जन्मभर त्याने लोकांच्या मेंढ्यांसाठी तारेची कुंपणं घातली होती. दुसऱ्या कुणी घातलेलं कुंपण दिसलं की तो गाडी थांबवायचा, खाली उतरून ते नीट बघायचा, थुंकायचा आणि पुढे जायचा. स्वतःचं एखादं काम फारच साधलं, तर म्हणायचा, "टिकेल." याहून मोठी स्तुती त्याच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती, आणि दुसऱ्याच्या वाट्याला तर तेवढीही आली नव्हती.

बायकोने हे बरीच वर्षं सोसलं आणि एक दिवस शिलाई मशीन गाडीत घालून ती ऑस्ट्रेलियात बहिणीकडे निघून गेली. "मशीन चांगलं होतं," एवढंच अर्नी म्हणाला.

त्याचा सगळ्यात आवडता नावडता माणूस म्हणजे जावई क्रेग. क्रेग इन्व्हरकार्गिल शहरात गालिचे विकायचा, हातांना क्रीम लावायचा आणि धुतलेली, चिरलेली कोबीची पानं पिशवीतून विकत आणायचा. असल्या माणसाने कुणाला सांभाळावं? लेक शीना त्याच्यापासून वेगळी झाली, तेव्हा अर्नीने पबमध्ये सगळ्यांना बिअर पाजली होती. आयुष्यातली पहिलीच वेळ. शीना पोरीला, टिलीला घेऊन बापाकडे आली आणि गोठ्यावर दूध काढायला जाऊ लागली. पहाटे निघायची ती उन्हं वर आल्यावर परतायची. त्यामुळे टिलीला उठवणं, खाऊ घालणं आणि शाळेत धाडणं हे म्हाताऱ्याकडे आलं. तो ते करायचा, आणि खरं सांगायचं तर दिवसातला तेवढाच वेळ तो कुणाला नावं ठेवत नसे.

टिलीने त्या वसंतात गस नावाचं पोरकं कोकरू बाटलीवर वाढवलं होतं. बाटली पाजायची तर गुडघे टेकायला हवेत, आणि दिवसातून चार वेळा कोण टेकणार? टिलीच. शाळेच्या करड्या पँटचे दोन्ही गुडघे पार उडाले.

"बाबा, शुक्रवारी शाळेत कोकरांचा दिवस आहे," शीना म्हणाली. "क्रेग येणार आहे. पोरगी धड कपड्यांत दिसली पाहिजे. बाई मला परवा विचारत होत्या, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"त्या बाईला म्हणावं, आधी शाळेचं कुंपण बघ."

"बाबा! हसण्यावारी नेऊ नका. हे असंच चालणार असेल तर पुढच्या सत्रापासून टिली क्रेगकडे राहील. मी गाई पिळू की हिचे गुडघे शिवू?"

"गुडघे शिवायला काय अक्कल लागते?"

"मग शिवा ना!"

 पोरगी त्या कोबीवाल्याकडे जाणार, हा विचार त्याच्या घशाखाली उतरेना.

त्याच संध्याकाळी क्रेग येऊन दाराशी पिशवी ठेवून गेला. आत नवी करडी पँट. अर्नीने ती दोन बोटांनी उचलली. "दुकानातली! पावसात विरघळेल." शीना यायच्या आत त्याने ती म्हाताऱ्या कुत्र्याच्या खोपट्यात अंथरली. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसली ही गत. आता जुनी पँट दुरुस्त करणं त्याच्या इज्जतीचा प्रश्न झाला.

सुईत दोरा ओवायला तो बसला, आणि तासाभराने सुई, दोरा आणि चष्मा बनवणाऱ्या सगळ्यांच्या आईबापांचा उद्धार करून उठला. शेजारणीकडे जायचं? छे! तिच्या परड्याचं कुंपण वाकडं होतं. मग त्याला शेडमधलं कातडं आठवलं. त्याच आठवड्यात त्याच्या एका मेंढीचं उशिरा झालेलं कोकरू दगावलं होतं. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराला चढवलं की मेंढी वासाला फसते आणि त्याला पाजते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. म्हणूनच अर्नीने कातडं काढून ठेवलं होतं, पण गस बाटलीला सोकावलं होतं आणि दुसरं पोरकं कोकरू काही कुणाकडे मिळालं नाही. मेंढी कुंपणाशी उभी राहून दिवसभर बें बें करत होती.

त्याने कातड्याचे दोन चौकोन कापले. लोकर आत, कातडं बाहेर. टोच्याने भोकं पाडली. आता बांधायला तार हवी. शेडमधलं भेंडोळं जाड निघालं. त्याच्या कुरणाच्या शाळेकडच्या कुंपणाला तळाशी एक बारीक तार होती, त्याने तिचाच हातभर तुकडा कापला. खाली कोण बघतंय? पक्कडीने कड्या पिळून ठिगळं घट्ट बसवली आणि पँट दिव्यासमोर धरली.

"टिकेल," तो म्हणाला.

टिलीने ती घालून बघितली. "आजोबा, मऊ लागतंय! पण वास येतोय रे."

"कामाचा वास आहे तो. तुझ्या बापाला विचार, त्याला ओळखू येणार नाही."

शुक्रवारी शाळेच्या मैदानावर सगळं गाव जमलं. क्रेग इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने टिलीच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग अर्नीकडे. शीनाने डोळे मिटून घेतले.

"हे काय आहे, बाबा?"

"ठिगळ."

टिलीची पाळी आली. गसला दोरीने फिरवणं झकास झालं. उरलं होतं हाक मारणं. कोकरू एका टोकाला सोडायचं, पोराने दुसऱ्या टोकाला गुडघे टेकून हाक मारायची आणि कोकराने धावत यायचं. जे सगळ्यांत लवकर पोचेल त्याला पहिल्या नंबराची लाल फीत. टिली कुंपणाकडच्या टोकाला गेली, गुडघे टेकले आणि ओरडली, "गस! गस!"

गस निघालं खरं, पण त्याच्याआधी दुसरंच कुणी पोचलं. कुंपणापलीकडे उभ्या मेंढीच्या नाकात वारा गेला. तिने मान वर केली, एक हंबरडा फोडला आणि तळच्या तुटक्या तारेखालून अंग घुसवून ती मैदानात आली. अर्नी मॅक्लीशच्या कुंपणातून! आजवर ससासुद्धा तिथून गेला नव्हता. तिने गसला अशी ढुशी दिली की ते कोलमडलं, आणि मग टिलीला आडवी पाडून ती तिचे गुडघे चाटू लागली. टिली उठायला बघे, की मेंढी पुन्हा लोळवी. आधी पोरं हसली, मग सगळं गाव हसलं. टिली रडायला लागली.

अर्नी जागचा हलला नाही. कापलेल्या तारेकडे बघत राहिला. धावला तो क्रेग. इस्त्रीच्या शर्टासकट चिखलात बसला, मेंढीच्या ढुश्या पाठीवर घेतल्या आणि त्या क्रीम लावलेल्या बोटांनी एकेक कडी उलगडली. बोटांतून रक्त आलं. ठिगळं सुटली तशी मेंढीने त्यांच्यावर तोंड टेकलं आणि ती शांत झाली. उघड्या गुडघ्यांनी टिली बापाच्या कडेवर चढली.

"मी आणलेली पँट कुठे आहे?" क्रेगने विचारलं.

"कुठली पँट?" शीना म्हणाली, आणि तिने बापाकडे बघितलं. तिला पुढे विचारावं लागलं नाही. "टिली रविवारी क्रेगकडे राहायला जाईल," ती म्हणाली. 

घरी येऊन त्याने पँट कुत्र्याच्या खोपट्यातून ओढून काढली, धुतली आणि झटकायला उलटी केली. दोन्ही गुडघ्यांना आतून जाड कापडाचे तुकडे लावलेले होते. दुकानात असलं काही मिळत नाही. टाके हाताचे होते, तेही कसे? एक लांब, एक आखूड, मध्येच गुंता, आणि एके ठिकाणी रक्ताचा वाळलेला ठिपका. पोरगी कोकराला पाजायला गुडघे टेकते, हे इन्व्हरकार्गिलला बसून त्या माणसाच्या लक्षात आलं होतं. शिवता येत नसताना त्याने ते शिवलं होतं. अर्नीने कापड दोन्ही हातांनी जोर लावून ओढलं. एकही टाका उसवला नाही. म्हाताऱ्याला स्वतःची लाज वाटली, आणि सवय नसल्यामुळे ती फार वाटली.

रविवारी क्रेगची गाडी आली. टिली गसला घेऊन मागे बसली. अर्नीने खिडकीतून घडी केलेली पँट आत दिली.

"टाके वाकडे आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे, अर्नी."

अर्नीने गाडीच्या टपावर हात ठेवला. मग म्हणाला, "टिकतील."