शंभर आले कुठून?

माझा थोरला भाऊ, दादा, सुतार. लाकडाच्या भुशाने त्याच्या छातीत ठाण मांडलं होतं आणि डॉक्टरांनी करवतीपासून लांब राहायला बजावलं होतं. अशात प्रशिक्षण शाळेत सुतारकाम शिकवायची जागा निघाली. अट एकच, गणिताचा पेपर पास व्हायचा. दोनदा आपटला होता. वय बघता ही शेवटची संधी.

घोडं अडायचं ते लॉगपाशी.

"लॉग दोन अधिक लॉग तीन. एकत्र केले की लॉग सहा," त्याची लेक शिकवायची.

"पाच."

"सहा, बाबा. बेरीज असली की आतल्या आकड्यांचा गुणाकार, वजाबाकीला भागाकार. पुढे आकडा असला तर तो घात होऊन डोक्यावर चढतो."

दादा पेन्सिल कानामागे खोचायचा. "अगं, दोन फुटी फळीला तीन फुटी जोडली, तर सांध्यात थोडं कमीच भरतं. इथे फूटभर वाढलं कुठून?"

"लॉग म्हणजे फळी नाही."

"मग काय आहे?"

पोरगी माझ्याकडे बघायची, मी खिडकीबाहेर. मी शाळेत लॉग घोकून पास झालो होतो. ते असतं काय, हे विचारायच्या भानगडीत पडलो नव्हतो. शेवटी मी वैतागून म्हणालो, "दादा, समजून घेऊ नकोस. नुसतं घोक."

त्याने मुकाट्याने घोकलं.

पेपर देऊन आला तो खुशीत. "आलं होतं गं तुझं लॉग. लॉग बारा वजा लॉग तीन अधिक दोन लॉग पाच. बाराला तीनने भागलं, चार. पाचाचा वर्ग पंचवीस. चार गुणिले पंचवीस, लॉग शंभर."

लेकीचा चेहरा उजळला.

"मग वेळ उरला, म्हणून माप पडताळलं. बारातून तीन गेले, नऊ. पाच नि पाच दहा घातले, एकोणीस. एवढ्याशा तुकड्यांतून शंभर निघतात होय? खोडून लॉग एकोणीस लिहिलं. तसली सगळीच गणितं दुरुस्त केली."

कापायच्या आधी माप पडताळणारा माणूस तो, उभ्या जन्मात त्याने फळी वाया घालवली नाही. रागवायचं तरी कशावर?

तो खोकत खुर्चीत टेकला. "उद्याच मालकाला सांगतो, करवतीवर दुसरा माणूस बघा म्हणून."

लेक त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. "उद्या नका सांगू, बाबा."

"का गं?" तो हसत म्हणाला, आणि आम्ही दोघंही, दुसरा सांगेल म्हणून थांबलो.