कोळशाची रेघ

जूनमध्ये शाळा उघडली की यमुनामावशी आधी हातात कोळसा घ्यायच्या. नाकाडोंगरीकडच्या रानातल्या आमच्या शासकीय आश्रमशाळेत त्या कामाठी, म्हणजे स्वयंपाक-झाडलोट बघणाऱ्या, होत्या आणि मी मुलींची अधीक्षिका. प्रत्येक मुलीला वसतिगृहाच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचं, डोक्याशी रेघ मारायची आणि नाव लिहायला मला हाक मारायची. शिंप्याला गणवेशाचं माप त्यावरूनच जाई. "कागद खोटा बोलते मॅडम, लाकूड नाई बोलत," असं त्यांचं ठाम मत.

माझ्या पहिल्याच वर्षी सरिता नावाच्या मुलीच्या रेघा दिसल्या, दरसाल थोड्या वर सरकलेल्या. पण हजेरीत सरिता नव्हती. मी विचारलं, तसं मावशींनी काहीच लपवलं नाही.

"चवथीत होती. दिवाळीच्या सुटीत तिचा बाप न्याले आला नाई, अन् पोरगी रडून राहिली होती. मंग सुटीच्या वहीत बापाच्या जागी अंगठा मीच लावला, एसटीत बसवून देली. ते घरी पोचलीच नाई."

"मग या वरच्या रेघा कुणी मारल्या?"

"मी कायले मारू? ते सोता उभी राहते."

मला भयंकर राग आला. आपल्या चुकीवर बाई पांघरूण घालतायत, असंच वाटलं. त्या उन्हाळ्यात मी चौकट रंगवून घेतली, दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली माझ्याबरोबर भंडाऱ्याला नेली. जूनमध्ये मावशींच्या देखत दार उघडलं. कोऱ्या निळ्या रंगावर एकच रेघ होती, माझ्या खांद्याच्या जरा वर. बोट लावलं तर काळं झालं. मी हातातलं कुलूप पुन्हा उलटंसुलटं करून पाहिलं. मावशी मात्र पदर खोचून शिंप्याकडे निघाल्यासुद्धा. "यंदा सलवार लागन तिले," एवढंच म्हणाल्या.

पुढं दोन वर्षांनी सरिताची आई आली. बुटकी, भातरोवणीच्या चिखलानं पाय फुटलेली बाई. इतकी वर्षं वाट पाहून घरच्यांनी मुलीचे दिवस करायचं ठरवलं होतं, त्यासाठी तिचं एखादं कापड हवं होतं. मावशींनी तिचे पाय धरले. "माया अंगठ्यानं गेली व तुही पोरगी!" वर्षानुवर्षं दाबून धरलेलं रडं होतं ते.

आईची नजर चौकटीवरच्या सगळ्यांत वरच्या रेघेवर गेली होती. "हे तिची काय?"

मावशींनी मान हलवली. आई रेघेखाली पाठ लावून उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या वर चांगली वीतभर होती. वळून तिनं त्यावर तळहात ठेवला आणि हसली. "बापावर गेली व." मग मावशींना हाताला धरून उठवलं. "अशी वाढून राहिली, तं दिवस कायले करू?"

कापड न घेताच ती निघाली. पायरीवर थांबून तिनं मला विचारलं, "जेवते ना बराबर, मॅडम?"

मी "हो" म्हणाले.