खिशातला जंपर

परवा शिवणाच्या डब्यात सुई शोधताना हाताला तांदळाएवढी काळी प्लास्टिकची टोपी लागली. जंपर! जुन्या कॉम्प्युटरच्या सर्किट कार्डांवर दोन पिनांवर ही टोपी बसवली किंवा काढली की सेटिंग बदलायचं.

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला, २००२ साली, आमच्या लॅबमध्ये असं एक कार्ड होतं. त्याचा तापलेल्या धुळीचा वास अजून नाकात आहे. माझ्या शेजारी बसणाऱ्या नागपूरच्या सुनीलनं शिकवलं होतं, "काढलेला जंपर एकाच पिनेवर अडकवून ठेव, यार. पुढच्याला कळतं." एका सकाळी घाईत मी तो काढला, खिशात टाकला आणि विसरले.

दुपारी मॅनेजरसमोर त्याच कार्डावरचा सुनीलचा डेमो बंद पडला. ले-ऑफचे दिवस होते. कार्डावर वाकून त्यानं हळूच विचारलं, "तू हात लावला होतास का गं?"

"नाही." माझी बोटं खिशातल्या जंपरवर होती.

"मग माझंच चुकलं असेल," तो म्हणाला आणि मॅनेजरलाही तेच सांगितलं.

सुटले बाई, असं वाटलं मला तेव्हा.

महिन्याभरात त्याची नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसाही. नागपूरला परतताना त्याच्या बायकोनं घरातलं सामान आम्हा मैत्रिणींना वाटून टाकलं. हा शिवणाचा डबा तिचाच; खिशातला जंपर मीच त्यात टाकून दिला होता.