पेढे, बर्फी आणि माझ्या दोन वेण्या

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलंय. म्हणून नावं गाळली आहेत. पण आईच्या क्लिनिकमधले किस्से वेटिंग रूममध्ये विसरलेल्या छत्र्यांसारखे साठत जातात. न्यायला कुणी परत येत नाही आणि टाकून देववतही नाहीत.

आई लहान मुलांची डॉक्टर आहे. मुलगा-मुलगी ज्यावरून ठरवतात, त्या अवयवांची घडण ज्यांच्या बाबतीत जन्माआधीच थोडी वेगळी झाली, अशी मुलं तिच्याकडे जास्त येतात. क्लिनिक सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. वर येईपर्यंत माणसं दमतात. आई सकाळपासून दमलेली असते आणि मी शाळा आणि क्लास करून आलेली असते. वेटिंग रूमच्या कोपऱ्यात, आईच्या खोलीच्या दाराला लागून, पडद्यामागे माझं अभ्यासाचं टेबल आहे. पडद्यातून दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

*

खडकीचे आजोबा पहिल्यांदा आले ते जिन्याची धाप लागलेली असतानाच विचारते झाले, "डॉक्टर, पेढे आणू की बर्फी?"

मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. त्यांच्या सुनेचं बाळ आदल्या दिवशी जवळच्याच हॉस्पिटलमध्ये जन्मलं होतं आणि बाहेरून बघून मुलगा की मुलगी, ते सांगता येत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी आईला बोलावून घेतलं होतं.

"सध्या काहीच आणू नका," आई म्हणाली. "तपासण्या व्हायच्यात."

"अहो, पण मिठाईवाला ओळखीचा आहे. सकाळपासून तीनदा विचारलं त्याने!"

"त्याला म्हणावं, डॉक्टरलाही माहीत नाही."

आजोबा दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. उठता उठता म्हणाले, "आमच्याकडेही तपासणीचा शिक्का बसल्याशिवाय पेटी हलायची नाही. पण पेटीत काय आहे, ते निदान आम्हाला माहीत असायचं!"

*

आईला काळजी वेगळीच होती. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांचं काम बिघडलं तर बाळ बाहेरून असं दिसू शकतं, आणि त्याच्या अंगातलं मीठही लघवीवाटे निघून जाऊ शकतं. मग बाळ दूध ओढत नाही, मलूल पडतं, आणि लक्षात आलं नाही तर हातचं जातं.

हे बाळ दुसऱ्या आठवड्यात मलूल पडलं आणि त्याला हॉस्पिटलच्या काचेच्या खोलीत ठेवलं.

"मुलगा की मुलगी ते नंतर बघू," आईने घरच्यांना सांगितलं. "आधी मीठ बघू. ते टिकायला हवं."

"मिठाचं आम्हाला नका सांगू," खडकीच्या आजी म्हणाल्या. "रोज मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढतेय मी. काचेच्या बाहेरून!"

"काढा," आई म्हणाली. "मी तेच मीठ तोंडातून देते."

त्या दिवशी घरी आल्यावर आई चपला न काढताच सोफ्यावर बसली. भाजीत मीठ कमी होतं. आम्ही तशीच खाल्ली.

*

आजींना दोष सुनेला द्यायचा होता. "ग्रहणात भाजी चिरत होती. मी नको नको म्हणत होते!"

"ग्रहण कधी होतं?"

"सातव्या महिन्यात."

आई हे रोज कुणाला ना कुणाला समजावते, त्यामुळे तिचा आवाज रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखा झालाय. "आजी, पहिले सहा-सात आठवडे सगळी बाळं आतून सारखीच असतात. प्रत्येकात नळ्यांच्या दोन जोड्या असतात. मग एक जोडी वाढते, दुसरी विरून जाते. बाहेरची घडणही त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत होऊन जाते. तुमचं ग्रहण फार उशिरा आलं."

आजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे वळल्या.

"मग तेव्हा तू काय चिरत होतास?"

सून हसली. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

*

आता माझ्या वेण्यांचं. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या आहेत. एकदा गर्भाशयाचं चित्र काढून दाखवताना आईच्या पेनातली शाई संपली आणि तिने सरळ मला बाहेर बोलावलं. समोर माझ्याच वयाची एक मुलगी आणि तिची आई. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आईने माझ्या दोन्ही वेण्या पुढे ओढल्या. "गर्भाशय अशा दोन नळ्या जुळून तयार होतं. खालून जुळत जुळत वर येतात." तिने वेण्या खालून एकत्र धरल्या. "तुमच्या मुलीच्या वरच्या टोकाला जुळायच्या राहिल्यात. एवढंच. तिने काही चुकीचं केलेलं नाही, तुम्हीही नाही."

"पण आमच्या घरात सगळ्यांच्या नीट आहेत हो!" तिची आई रडवेली झाली.

त्या मुलीने मला आपादमस्तक न्याहाळलं. माझी एक वेणी नेहमी जाड होते, एक बारीक.

"आई, रडू नकोस गं," ती म्हणाली. "हिच्यापेक्षा माझ्या बऱ्याच बऱ्या असतील."

तेव्हापासून आईने नवीन पेन आणलेलंच नाही!

*

खडकीचे आजोबा रोज संध्याकाळी येऊन बसायचे. हळूहळू वेटिंग रूममधले सगळे त्यांना ओळखायला लागले. त्यात एक बसड्रायव्हर होते. त्यांच्या तान्ह्या मुलाचं एक वृषण पोटातून खाली उतरायचं राहिलं होतं. ते पोटात वर तयार होतं आणि जन्माआधी खाली येतं, हे आईने त्यांना समजावलं.

"मग सध्या कुठल्या स्टॉपला थांबलंय?" त्यांनी विचारलं.

"शेवटच्या स्टॉपच्या जरा अलीकडे."

"हां. म्हणजे डेपो दिसतोय, पण गाडी आत घेत नाहीत."

"सहा महिन्यांचा होईपर्यंत वाट बघू. नाही उतरलं तर छोटं ऑपरेशन."

बाहेर येऊन ते आजोबांच्या शेजारी टेकले. "तुमचं काय, काका? पेढे की बर्फी?"

"सिग्नल लाल आहे," आजोबा म्हणाले. आवाज अगदी बारीक. त्या दिवशी बाळाने दूध ओकून टाकलं होतं.



*

आणि एक दिवस खडकीची सगळी मंडळी एकदम आली. बाळ आजींच्या मांडीवर, टोपडं घालून. त्याला घरी सोडलं होतं. रिपोर्टही आला होता. दार लावून आई बराच वेळ त्यांच्याशी बोलली. तेवढं मात्र पडद्यातून ऐकू आलं नाही, आणि विचारलं तर आई म्हणते, "ते त्यांचं आहे."

दार उघडलं. आजोबा पिशवी घेऊन पुढे. वेटिंग रूम श्वास रोखून बसलेली. ड्रायव्हरकाका तर उभेच राहिले. "काका, बोला! पेढे की बर्फी?"

आजोबांनी पिशवीत हात घातला आणि एकेकाच्या हातावर कागदाची पुडी ठेवत निघाले. पडद्याशी येऊन मलाही दिली.

ड्रायव्हरकाकांनी पुडी सोडली. आत खारे दाणे!

"अहो, हे काय?"

"टिकलं मीठ!" आजोबा म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

मी एक दाणा तोंडात टाकला आणि पडदा बाजूला करून पहिल्यांदाच बाळाकडे नीट बघितलं, तर ते—

"अगं ए! वेण्या सोडल्या नाहीस ना? ये बाहेर लवकर!"