वळणावरचं पाणी

बर्फाशी माझी ओळख खांद्यावरून झाली. आठवीत शाळा सुटली आणि मी रत्नागिरीच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लागलो. खाऱ्या पाण्याच्या टाकीतून डबे वर काढायचे, लादी सुटी करायची, ती खांद्यावर घेऊन मच्छीच्या होड्यांपर्यंत पोचवायची. दुपारपर्यंत माल पडून राहिला की मालकाच्या शिव्या. बर्फ ही लवकर खपवून मोकळं व्हायची वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं.

इथे अमेरिकेत तोच बर्फ मोठ्या छपराखाली वर्षभर जपून ठेवतात. बाहेर लोक हाफ पॅन्टमध्ये फिरत असतात आणि आत पोरं त्याच्यावर घसरत असतात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी भाचीला विचारलं, "आणि हा विकतात कधी?" ती इतकी हसली की खाली बसली.

भाची म्हणजे माझ्या ताईची मुलगी. ताई आणि भाऊजी इथेच मॉरिसव्हिल गावात असतात, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. ताईला इथलं नागरिकत्व मिळालं त्याच वर्षी तिनं मला इकडे आणायचे कागद टाकले, आणि मग इतकी वर्षं गेली की मी ते विसरूनही गेलो. ती विसरली नाही. मी आलो तेव्हा माझी चाळिशी उलटली होती आणि इंग्रजी म्हणजे यस, नो, थँक्यू.

त्या छपराखालच्या बर्फावर, म्हणजे रिंकवर, मदतनीस हवाय, हे भाचीनंच शोधून काढलं. ती लहानपणी तिथे स्केटिंग शिकलेली. म्हणाली, "मामा, इंटरव्ह्यूत फक्त सांग, आय वर्क्ड विथ आइस. इट्स ट्रू, ना?" मी तेवढं वाक्य पाठ केलं आणि तेवढंच बोललो. रिंक चालवणाऱ्या बाई साठीच्या, पुरुषी आवाजाच्या. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, हसल्या आणि सोमवारी यायला सांगितलं. त्यांना नावानं हाक मारायची पद्धत आहे. माझी जीभ रेटत नाही. मी मनात बाई म्हणतो आणि तोंडानं नुसतं हॅलो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या रिंकवर शॉर्ट ट्रॅकची आंतरराष्ट्रीय सांघिक स्पर्धा झाली. शॉर्ट ट्रॅक म्हणजे हॉकीच्या मैदानाएवढ्या बर्फावर लहानशा अंडाकृती वाटेनं पळायचं. वाट आखायला नुसते काळे ठोकळे असतात. वळणावर मुलं इतकी झुकतात की डाव्या हाताची बोटं बर्फाला टेकतात. सांघिक शर्यतीत चौघं आळीपाळीनं पळतात. दमलेला पुढच्याच्या कमरेला दोन्ही हात लावून त्याला जोरात ढकलतो आणि स्वतः बाजूला होतो.

हे भाचीनं मला जेवायच्या टेबलावर चार वाट्या मांडून समजावलं होतं. आमटीची वाटी ढकलताना ती जरा लवंडलीही.

"आणि कोणी पडलं तर?" मी विचारलं. माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो.

"मग तिनं नुसता हात लांब करायचा. टीममधली कोणीही येऊन टच करणार आणि पुढे पळणार. नो क्वेश्चन्स."

"रागवत नाहीत?"

"मामा, रागवायला टाइम कुठे असतो?"

माझं काम पाण्याचं होतं. मुलांच्या बुटांखालच्या पातींनी वळणावरचा बर्फ चिरून निघतो. म्हणून दोन शर्यतींच्या मध्ये आम्ही बुटांना खिळे लावून बादल्या घेऊन आत जायचं आणि त्या चिरांवर कोमट पाणी सोडायचं. कोमट यासाठी, की ते खालच्या बर्फाला धरतं. कमी पडलं तर चिरा उघड्या राहतात, जास्त झालं तर शर्यत सुरू होईपर्यंत गोठत नाही. बाईंनी मला ते ओतणं चार-पाचदा दाखवलं. आई बिडाच्या तव्यावर घावनाचं पीठ कडेनं सोडायची, तसा हात. मला जमलं, पण जमलंय याची खात्री काही वाटेना.

सकाळी डबा भरताना ताईनं मला दोन स्वेटर घालायला लावले. भाऊजी म्हणाले, "अरे, बादली ओतायचीय तुला. चेहरा असा केलायस की जणू तूच पळणार आहेस."

"तो चेहरा त्याचा जन्मापासून तसाच आहे," ताई म्हणाली.

ती तिघंही बघायला आली होती, वरच्या रांगेत. मला खालून ताईची लाल शाल तेवढी दिसायची.

मुलींच्या उपांत्य शर्यतीआधी मी माझ्या वळणावर पाणी सोडलं. शिट्टी झाली तशी घाई झाली आणि बादलीत उरलेलं मी एका जागी जरा धपकन सोडलं. बाहेर येऊन वळून पाहिलं तर तेवढा पट्टा बाकीच्यापेक्षा जास्त चमकत होता. गोठेल, म्हटलं. गोठेलच. तोवर मुली सुटल्या होत्या.

पिवळ्या पोशाखातला एक संघ होता. त्यातली एक मुलगी, भाचीच्याच वयाची, दुसऱ्या नंबरवर पळत होती. ती माझ्या वळणावर झुकली आणि तिचे पाय तिच्याखालून निघून गेले. ती पाठीवर घसरत जाऊन कडेच्या गाद्यांवर आदळली. सगळ्या रिंकमधून एकदम ओऽह उठलं. तिनं उठायच्या आधी हात लांब केला. तिची सोबतीण आली, त्या हाताला हात लावला आणि पळाली. मागे वळूनही पाहिलं नाही. पण अर्धी फेरी गेली होती. संघ शेवटचा आला.

त्या मुलीला दोघांनी धरून पडद्यामागे नेलं. ती मनगट छातीशी धरून चालत होती.

पाणी माझं. पट्टा माझा. त्या कुठल्याशा देशातून आईबापांनी पाठवलेली पोर, तिचा हात मोडला असेल तर तो मी मोडला. आणि हे कळल्यावर इथे मला कोण ठेवणार? ताईनं काढलेली सगळी वर्षं मी एका बादलीत घालवली. कारखान्यात एकदा माझ्या हातून लादी निसटून फुटली, तेव्हा मालकानं माझा लादी ओढायचा टोचा काढून दुसऱ्याच्या हातात दिला होता. तो काढून घेतानाचा त्याचा हात मला अजून दिसतो.

गप्प बसलो असतो तर कोणी विचारलंही नसतं. पण गप्प बसलो की मला जेवण जात नाही. मी बाईंकडे गेलो आणि होतं तेवढं इंग्रजी काढलं. माय वॉटर. टू मच. गर्ल फॉल.

बाई माझ्याबरोबर वळणावर आल्या. हातमोजा काढून त्यांनी बर्फावर तळवा फिरवला, चिरा बघितल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. मग सावकाश, मला कळेल अशा बेतानं बोलल्या.

"असेल. नसेलही. ठोकळ्यावर पाय पडला असेल, दुसरीची पात लागली असेल. मला नाही सांगता येत."

मी हातातली बादली खाली ठेवली.

"पुढच्या वेळी थोडं कमी," त्या म्हणाल्या आणि अंगठा नि तर्जनी यांच्यात एवढंसं अंतर धरून दाखवलं. मग रिकामी बादली उचलून माझ्याच हातात दिली. "जा, भरून आण."

हरलेल्या संघांची एक वेगळी शर्यत असते, खालचे नंबर ठरवायला. तिच्याआधी मी पुन्हा त्याच वळणावर गेलो. बादली दोन्ही हातांनी धरली. कडेनं, पातळ, थोडं कमी. बाई माझ्यावर नजर ठेवून असतील म्हणून वर पाहिलं, तर त्या पार पलीकडच्या टोकाला पाठ करून ठोकळे तपासत होत्या. त्या पाठीकडे बघून माझे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळा नव्हता.

पिवळा संघ आला. पडलेलीच्या जागी चौथी कोण येते बघत होतो. तीच होती. मनगटाला पांढरी पट्टी, तोंडात काहीतरी चघळत होती. मी गाद्यांच्या मागे उभा राहिलो आणि ती माझ्या वळणावर आली की श्वास धरायचा, गेली की सोडायचा, एवढंच करत राहिलो. ती झुकायची, पट्टीच्या हाताची बोटं माझ्या पाण्यावरून फिरायची, आणि ती सरळ व्हायची. शेवटी तिनं पुढचीला जीव खाऊन ढकललं आणि स्वतः मोकळी होऊन कमरेत वाकली. संघ कितवा आला ते मला नंतर भाचीकडून कळलं. पहिला.

परत जाताना गाडीत मी सगळं सांगितलं. पट्टा, पडणं, बाई. भाऊजींनी एकदाही चेष्टा केली नाही. भाची म्हणाली, "मामा, शॉर्ट ट्रॅकमध्ये एव्हरीबडी फॉल्स. सीरियसली."

ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं तू पडतोस आता. तू बादली घेऊन आत गेलास की मी डोळे मिटून घ्यायचे. बाहेर आलास की उघडायचे."

"मग शर्यती?"

"कसल्या शर्यती? मी तुझ्यासाठी आले होते." आणि मागे वळून, "पण बादली तुलाच परत दिली ना त्यांनी?"

"दिली."

"मग झालं तर," ती म्हणाली आणि तिनं डब्यातला उरलेला लाडू मागे माझ्या हातात दिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला भूक लागली होती.