पिवळ्याधमक टोप्या

कारखान्यात त्यांना सगळे शिलाईकाकू म्हणत. कारखाना म्हणजे काय, औषधांच्या दुकानावरची एक बुटकी खोली, चार मशीनं, इस्त्रीचं टेबल आणि कापडाच्या तुकड्यांनी फुगलेली पोती. तिथं खिडकीला पाठ करून काकू वर्षानुवर्षं एप्रन, गणवेश, उशांचे अभ्रे असलं शिवत आल्या होत्या. काम इतकं चोख, की मालकीणबाई ते दुसऱ्यांदा उलटून बघत नसत. आणि स्वभाव इतका काळजीखोर, की कुलूप लावून जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ते ओढून बघितल्याशिवाय काकूंचा पाय पुढं पडत नसे.

पण अलीकडे काळजीला खरंच कारण होतं. काकांना आठवेनासं झालं होतं.

काका म्हणजे वायरमनकाका. वीज कंपनीच्या टोळीत उभं आयुष्य खांबावर काढलेला माणूस. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा आणि खाली उभ्या असलेल्यांची सतत चेष्टा. आधी ते चष्मा विसरायला लागले, मग किल्ल्या. ते कोण विसरत नाही? पण एकदा दूध आणायला म्हणून गेले आणि शेजारच्या इमारतीत, भलत्याच दाराशी बेल वाजवत उभे राहिले. आपल्याला आपल्याच घरात का घेत नाहीत म्हणून वैतागलेले.

काकूंनी याचा कुणाला पत्ता लागू दिला नाही. मुलाला तर नाहीच नाही. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या मास्तरांचं असंच सुरू झालं, तेव्हा मुलगा सहज बोलून गेला होता, "अशा माणसांना घरी ठेवण्यात अर्थ नसतो आई. चांगल्या जागा असतात, तिथं बघतात त्यांना." वाईट मनानं नव्हता बोलला. पण मास्तरांना खरंच तसं नेऊन ठेवलं आणि त्यांची बायको तेव्हापासून गॅलरीत एकटी बसलेली दिसायची. येता-जाता तिच्याकडे बघायचं काकूंनी सोडूनच दिलं होतं.

मग काकू सावरून घ्यायला शिकल्या. काकांना कुणी काही विचारलं, की त्यांनी तोंड उघडायच्या आत उत्तर काकूंच्या तोंडून बाहेर पडे. "बाबांनाही बोलू दे की जरा!" मुलगा हसायचा. काकूही हसायच्या आणि ताटं उचलायला लागायच्या.

अशात मुलाचा फोन आला. रविवारी सगळे मिळून समुद्राकाठच्या उद्यानात जाऊ. पाणथळीतून लाकडी पायवाट आहे, पक्षी बघायचा मनोरा आहे, नातीला मजा येईल. काकू पेचात पडल्या. नाही म्हणावं तर शंका येणार, हो म्हणावं तर उघडी जागा, फाटे फुटलेल्या वाटा आणि वर पाणी. त्या हो म्हणाल्या. फोन ठेवला आणि मशीनवर बसल्या.

कारखान्यात नुकतीच टोप्यांची एक मोठी ऑर्डर गेली होती. कुणाची ते मालकीणबाईंना ठाऊक. कापड पिवळंधमक, डोळ्यांत घुसणारं. उरलेले तुकडे विचारून घरी आणले होतेच. काकूंनी त्यांच्या पाच टोप्या शिवल्या, घरच्या प्रत्येकाला एक. स्वतःची घालून त्या काकांसमोर उभ्या राहिल्या.

"हे बघा. ही पिवळी टोपी दिसली म्हणजे आपलं माणूस. तिला सोडायचं नाही. काही झालं तरी."

काकांनी टोपी हातात घेऊन उलटसुलट केली आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसले. "आमच्या टोळीची आहे की ही," म्हणाले.

रविवारी गाडीत टोप्या वाटल्या गेल्या. मुलानं कपाळाला हात लावला. "आई, सगळ्यांना टोप्या घालतेस होय!"

काकूंनी चमकून त्याच्याकडे बघितलं. पण तो आपला नेहमीसारखी थट्टा करत होता. ह्या रंगात माझं हसं होईल म्हणत त्यानं आपली टोपी सीटच्या मागं टाकून दिली. सुनेनं भीड म्हणून घेतली आणि पर्समध्ये कोंबली. नातीनं मात्र लगेच डोक्यावर चढवली.

"तुझं नाव काय गं?" काकांनी तिला विचारलं.

"आज मी बगळा!" ती म्हणाली. तिच्या लेखी हा दोघांचा नेहमीचा खेळ होता, दर वेळी नवं नाव सांगायचं. काकूंनी घाईघाईनं खिडकीबाहेर बोट दाखवलं, "अगंबाई, समुद्र दिसला बघ!" समुद्र अजून बराच लांब होता.

उद्यानाच्या फाटकाशी पोचले आणि काकू जागच्या जागी थबकल्या. समोर पिवळ्याधमक टोप्यांचा जथाच्या जथा उभा होता. कुठल्याशा कंपनीची माणसं सुट्टीच्या दिवशी किनारा साफ करायला आली होती, हातमोजे चढवून, पोती घेऊन. प्रत्येक टोपी काकूंच्याच हातची. किनारीवरची दुहेरी टीप लांबूनही ओळखू येत होती.

सून खुदकन हसली. "आई, आपण पण कचरा गोळा करायला आलोय की काय!" तेवढ्यात एक बाई थेट काकूंच्या पुढ्यात आली, हातातली केळ्याची सालं पुढं करत, "हे कुठं टाकायचं हो?"

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरल्यासुरल्या चिंध्या घरच्यांच्या डोक्यावर चढवल्या, असंच सुनेला वाटलं असणार. ओशाळून त्यांनी टोपी काढली आणि पिशवीत खोल दडपली. काकांची काढायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

पायवाट छान होती, असं सगळे म्हणत होते. दोन्ही बाजूंना उंच गवत, फळ्यांच्या फटींतून खाली चकाकणारा चिखल, लांब कुठंतरी लाटांचा आवाज. काकूंना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष काकांच्या कोपरावर, जे त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. मनोऱ्याखाली नातीच्या बुटाची नाडी सुटली. मुलगा वर दुर्बीण लावून बसलेला, सून फोटो काढण्यात गुंग. काकू वाकल्या. दोन्ही हातांनी नाडी बांधली. उठून बघतात तर काका नाहीत.

"अहो!" काकूंनी हाक मारली. पायवाटेचा एक फाटा किनाऱ्याकडे जात होता, एक फाटकाकडे, एक गवतात वळून दिसेनासा झालेला. लांब किनाऱ्यावर पिवळ्या टोप्या, फाटकाकडच्या वाटेवरही काम आटोपून परतणाऱ्या पिवळ्या टोप्या. जिकडं नजर टाकावी तिकडं आपलंच शिवलेलं! भरतीचं पाणी फळ्यांखाली शिरायला लागलं होतं. नातीला सुनेच्या हवाली करून, "आले गं, ह्यांना बघून आले," एवढं म्हणत त्या धावत सुटल्या.

पाठमोऱ्या एका टोपीला त्यांनी खांद्याला धरून वळवलं. तरुण मुलगा निघाला. दुसरीला हाक मारली, ती बाई निघाली. पाण्याकडे बघवेना. आणि या सगळ्यात, काय बाईमाणसाचं मन असतं, त्या मनातल्या मनात मुलाला द्यायचं उत्तरही जुळवत होत्या. ह्यांना जरा पाय मोकळे करायचे होते. हे पुढं जाऊन थांबले. असलं काहीतरी.

फाटकाबाहेर कंपनीची बस उभी होती, इंजिन सुरू. पिवळ्या टोप्या हसत-खिदळत आत चढत होत्या. काकू दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ढकलूनच आत घुसल्या. मधल्या बाकावर, खिडकीशी, कुणाचे तरी मातीनं भरलेले हातमोजे हातात घेऊन काका बसले होते. शेजारचा मुलगा त्यांना पाण्याची बाटली उघडून देत होता.

"अहो!" काकू कशाबशा म्हणाल्या. "इथं कुठं आलात?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. आधी चेहऱ्याकडे, मग मोकळ्या डोक्याकडे. ओळख पटायला वेळ लागला आणि तो वेळ काकूंना जन्माएवढा वाटला.

"तूच म्हणालीस ना," काका हळूच म्हणाले, शाळेत चुकलेल्या मुलासारखे, "पिवळी टोपी सोडायची नाही. तुझी दिसेना. म्हणून मी ह्यांची धरली. सोडली नाही."

काकू मटकन त्यांच्या शेजारच्या बाकावर बसल्या. माणूस विसरला नव्हता. सगळं विसरत चाललेल्या ह्या माणसानं एवढं एक वाक्य जिवापाड जपलं होतं आणि टोपी काकूंनीच काढली होती. चारचौघांच्या लाजेनं. त्यांनी पिशवीत हात घातला, चुरगळलेली टोपी काढली आणि डोक्यावर घातली. काकांचा चेहरा लगेच सैलावला.

हाताला धरून त्यांना खाली उतरवलं, तोवर मुलगा धापा टाकत येऊन पोचला. मागोमाग सून आणि नात. बसमधून काका उतरताना बघून मुलाला हसू आवरेना. "काय बाबा, आम्हाला सोडून ह्यांच्याबरोबर ट्रिपला निघालात? गप्पा रंगल्या वाटतं!"

उत्तर त्यानंच काकूंच्या हातात आणून ठेवलं होतं. हो म्हणायचं, हसायचं, की झालं. आजवर अशाच तर वेळा मारून नेल्या होत्या.

"नाही रे," काकू म्हणाल्या. आणि थांबल्या नाहीत. "ह्यांना आठवत नाही. बरेच महिने झाले. मी लपवलं. मास्तरांसारखं तू ह्यांना कुठं नेऊन ठेवशील, म्हणून लपवलं."

बस निघून गेली. सुनेनं तोंडावर हात ठेवला. मुलगा बापाकडे बघत राहिला. काका त्याच्याकडे बघून अदबीनं हसले, अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं. मुलाच्या ओठांवरचं हसू हळूहळू गेलं. तो गाडीपाशी गेला, दार उघडून सीटखाली, सीटमागे, कितीतरी वेळ काहीतरी चाचपत राहिला.

मग वाकल्या वाकल्याच, मान वर न करता म्हणाला, "आई, माझी टोपी कुठंय?"