टाळू भरली

सुशीलाबाईने मुलीचं टोपडं काढलं आणि मी टाळूवर बोट ठेवलं. टाळू म्हणजे बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा. तिथलं हाड अजून जुळलेलं नसतं. ती जरा खोलगट लागायला हवी. ही वर आली होती, फुगलेली आणि घट्ट ताणलेली. मुलीचं नाव सुजाता, वय अकरा महिने.

"बसत होती जी," सुशीलाबाई म्हणाली. "आता बसवली का कलंडून राहिली."

मुलीची बुबुळं खाली उतरली होती, वर नुसता पांढरा भाग दिसत होता. आमच्या पुस्तकात याला मावळत्या सूर्याचं लक्षण म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याच्या घरी लेकरू नसावं. मी टेप लावली. डोकं वयाच्या मानाने कितीतरी मोठं भरलं. मेंदूच्या आत पाणी फिरत असतं, त्याची वाट कुठेतरी बंद झाली होती. या वयात ती बंद करणारी कारणं थोडी असतात, आणि त्यातलं सगळ्यात वाईट म्हणजे गाठ.

मग मी जुना केसपेपर काढला. तीन आठवड्यांपूर्वी ही बाई याच मुलीला घेऊन माझ्याकडे येऊन गेली होती.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पांढुर्ण्यात माझा खासगी दवाखाना होता. मी मूळचा जवळच्याच सौसरचा, त्यामुळे इथली बोली मला कोणी शिकवायची गरज नाही अशी माझी समजूत. त्या पहिल्या भेटीच्या दिवशी बाजार होता, बाकावर बसायला जागा नव्हती. सुशीलाबाई जाम नदीपलीकडच्या सावरगावहून मुलीला कडेवर घेऊन आली होती.

"सकाळी उठली का ओकते. दिवसभर किरकिर करून राहिली," ती म्हणाली.

ओकाऱ्या म्हटल्यावर अंगातलं पाणी कमी झालं का, ते आधी पाहायचं. पाणी कमी झालं की टाळू खाली बसते. मी लिहिता लिहिताच विचारलं, "टाळू खोल गेली का?"

"नाई जी. टाळू त भरली. सासूबाई तेल घालते, त तेल बी थांबत नाई, वाहून जाते."

आपल्याकडे टाळू भरली म्हणजे हाड जुळलं, टाळू बंद झाली. अकराव्या महिन्यात काही मुलांची होते, आणि आया ते कौतुकाने सांगतात. मी म्हणालो, "बरं झालं, तेल वाचलं." बाकावरची माणसं हसली. सुशीलाबाई हसली नाही. टोपड्याची गाठ सोडण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. दात येत असतील असं सांगितलं, ओकारीचं औषध दिलं आणि पेपरवर लिहिलं: 'टाळू बंद. आईने सांगितले.'

तिला सांगायचं होतं की टाळू फुगून भरली आहे. तेल थांबायची ती खळगीच उरली नव्हती. एवढं साफ लक्षण मला कुठल्या प्रोफेसरनेही सांगितलं नसतं, आणि मी त्यावर विनोद केला.

फुगलेली टाळू पाहिली त्याच दिवशी दवाखाना बंद करून मी मायलेकींबरोबर पॅसेंजरने नागपूरला गेलो. सुजाताचा बाप भाऊराव कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो आणि त्याची आई सोबत होती. डॉक्टर स्वतः आला म्हणून ते दोघं वाटभर माझे उपकार मानत होते. मी भीतीपोटी गेलो होतो, हे त्यांना काय माहीत.

तपासण्या झाल्या. गाठच होती, मेंदूच्या मागच्या भागात. सर्जन आम्हाला व्हरांड्यात भेटले.

"नळी टाकून पाणी उतरवू. जमेल तेवढी गाठ काढू," ते म्हणाले. "पण ही झपाट्याने वाढणारी जात आहे. पुन्हा येईल."

"शेक?" मी विचारलं. शेक म्हणजे रेडिएशन.

"या वयात? मेंदूच होरपळेल."

मग ते माझा केसपेपर चाळू लागले. "मुलीची नजर गेलीय. तीन आठवड्यांपूर्वी पाणी उतरवलं असतं तर जीव वाचला नसता, पण नजर बहुधा राहिली असती." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "इथे टाळू बंद लिहिलंय. आईने सांगितलं होतं?"

भाऊराव बायकोकडे वळला. "तू असं सांगतलं?"

"टाळू भरली म्हनलं म्या."

"मंग तेच झालं ना."

मी त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एकच वाक्य बोलायचं होतं: तिने बरोबर सांगितलं, मी हात लावून पाहिलं नाही. पण पांढुर्णा लहान गाव. तिथे डॉक्टरचं नाव एका दुपारीत जातं. मी सर्जनला नळीबद्दल काहीतरी विचारलं आणि ती वेळ टाळली. माझ्या आयुष्यात याहून नीच काम मी केलेलं नाही.

ऑपरेशननंतर सुजाता दोन महिने जगली. मी अधूनमधून सावरगावला जाऊन पाहायचो. आईचा आवाज ऐकला की ती दोन्ही हात वर करायची, पण आई असायची दुसऱ्या बाजूला. सुशीलाबाई मुकाट्याने उठून त्या हातांसमोर जाऊन बसायची. मुलगी घरीच वारली.

पुढच्या महिन्यात कळलं की सुशीलाबाईला माहेरी, मोहगावला पाठवून दिलंय. लेकराचं दुखणं तिने डॉक्टरला उलटं सांगितलं, असं सासू गावभर सांगत होती. मी मोहगावला गेलो. ती अंगणात सरकी वेगळी करत बसली होती. मी सगळं कबूल केलं. तिने हातातलं काम थांबवलं नाही.

"मले काऊन सांगता जी? म्या काय सांगतलं ते मले ठाऊक हाये. तिकडं जाऊन सांगा."

तिथून मी थेट सावरगाव गाठलं. भाऊराव आणि त्याची आई दोघं घरी होती. चूक माझी, तिची नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. टाळूला हात लावला नव्हता, हेही सांगितलं. म्हातारीने डोळ्यांना पदर लावला.

"पाह्य भाऊ, मोठा मानूस असा अस्ते," ती मुलाला म्हणाली. "सुनेचा दोष आपल्या अंगावर घेऊन राहिला."

मी केसपेपर काढून भाऊरावच्या हातात दिला. त्याने एकेक अक्षर लावत वाचला आणि नीट घडी करून परत दिला.

"याच्यात त लिहून हाये जी. आईनं सांगितलं म्हून."

मी पुन्हा समजावलं, आवाजही चढवला. त्यांनी मला चहा पाजला आणि भाऊराव मला पुलापर्यंत सोडायला आला.

सुशीलाबाई सावरगावला नांदायला परत आली नाही. माझा दवाखाना मात्र वाढला. सावरगावचे लोक, मोठ्या मनाचा डॉक्टर म्हणून, लांबच्या पाहुण्यांनाही माझ्याकडे आणू लागले.

तेव्हापासून बाळ कशासाठीही येवो, टोपडं मी स्वतः सोडतो. आणि चूक कबूल करायची तर ती त्याच व्हरांड्यात, त्याच क्षणी करावी. उशीर झाला की लोक तिला चांगुलपणा समजतात.